पाचामुखी परमेश्वर, पण पाच तोंडं वेगळी हवीत!

आपल्याकडच्या म्हणींची एक गंमत आहे. तुम्ही कोणतीही बाजू घ्या, तुमच्या बाजूने बोलणारी एक म्हण तयारच असते. 'पाचामुखी परमेश्वर' असं सांगून चौघांचं ऐकायला लावणारे आजोबा दुसऱ्या दिवशी 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' असंही तितक्याच ठामपणे सुनावतात. मग नेमकं करायचं काय? जनांचं की मनाचं?

हा प्रश्न कुठल्याच पेपरात येत नाही, पण हॉस्टेलवर रोज येतो. उद्या मास बंक करायचा का? मेसचा कंत्राटदार बदलायचा का? फायनल इयरला अवघड प्रोजेक्ट घ्यायचा की सीनिअर्सचा जुना प्रोजेक्ट झाडूनपुसून द्यायचा? ऐन पावसाळ्यात ट्रेकला गेलोय, समोर ओढा फुगलाय. ओलांडायचा की मागे फिरायचं? या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. पुढे काय होणार हे कुणालाच नक्की ठाऊक नसतं. आणि नेमक्या अशाच वेळी आपण सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतो आणि विचारतो, "बाकीचे काय म्हणतायत?"

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायचं नाही त्यांची सोय होईल. अनिश्चित गोष्टीचा अंदाज बांधण्यात गट हा एकट्या माणसापेक्षा बहुतेक वेळा सरस असतो. पण ज्या पद्धतीने आपण गट करून बसतो आणि ठरवतो, त्या पद्धतीत गटाचा सगळा फायदा निघून जातो आणि तोटा तेवढा शिल्लक राहतो. म्हणून अंदाज सगळ्यांचा घ्यावा, पण वेगवेगळा घ्यावा. आणि निर्णयाखाली मात्र एकाचं नाव असावं.

आधी गटाची बाजू. १९०६ साली इंग्लंडमध्ये प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात एक स्पर्धा होती. एक बैल उभा केलेला. तो कापून साफ केल्यावर मांसाचं वजन किती भरेल ते ओळखायचं. सहा पेन्सचं तिकीट घ्यायचं, त्यावर आकडा लिहायचा. त्यात खाटीक होते, शेतकरी होते आणि ज्यांना बैलातलं काही कळत नाही असेही बरेच होते. फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाने नंतर ती तिकिटं मागून घेतली. वाचता येतील अशी ७८७ निघाली. आकडे क्रमाने लावून त्याने मधला आकडा काढला, तो आला १२०७ पौंड. खरं वजन होतं ११९८ पौंड. म्हणजे चूक एक टक्क्याहूनही कमी! गाल्टन काही सामान्य माणसाच्या अकलेचा मोठा चाहता नव्हता, तरी १९०७ साली त्याने हा निकाल 'नेचर'मध्ये प्रामाणिकपणे छापला.

यात जादू काही नाही. कुणी जास्त सांगतो, कुणी कमी सांगतो, चुका एकमेकींना खाऊन टाकतात. कोंदोर्से या फ्रेंच गणितज्ञाने १७८५ सालीच याचं गणित मांडलं होतं. समजा एखाद्या 'हो की नाही' प्रश्नावर प्रत्येक माणूस बरोबर असण्याची शक्यता ६० टक्के आहे. असे ११ जण स्वतंत्रपणे मत देत असतील, तर बहुमत बरोबर असण्याची शक्यता सुमारे ७५ टक्के होते. बायनॉमियल डिस्ट्रिब्युशन सगळ्यांना एम-थ्रीत नाहीतर कुठेतरी भेटलेलं आहे, करून बघा. पण तेच गणित उलटंही चालतं. प्रत्येकजण बरोबर असण्याची शक्यता ४० टक्केच असेल, तर ११ जणांचं बहुमत बरोबर असण्याची शक्यता २५ टक्क्यांवर घसरते. म्हणजे ज्या विषयात सगळ्यांचाच अंदाज एका बाजूला झुकलेला आहे, तिथे माणसं वाढवून चूक कमी होत नाही, पक्की होते.

आणि या गणितात एक शब्द दडलेला आहे, तो म्हणजे 'स्वतंत्रपणे'. सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे.

फर्स्ट इयरची लॅब आठवा. व्हर्निअर कॅलिपरने दहा वाचनं घ्यायची आणि सरासरी काढायची. का? तर हात हलणं, डोळा चुकणं असल्या चुका सरासरीत जिरतात. पण त्या कॅलिपरलाच झीरो एरर असेल तर? मग दहा काय, दहा हजार वाचनं घ्या, सरासरी तेवढीच चुकीची येणार. गटाचंही तसंच. सगळ्यांनी आपापल्या डोळ्यांनी बघितलं तर ती दहा वाचनं. पहिल्याने बोलून दाखवलं आणि बाकीच्या नऊ जणांनी माना डोलावल्या, तर ते दहा वेळा लिहिलेलं एकच वाचन. त्याची झीरो एरर हीच सगळ्यांची झीरो एरर.

आता आपल्या मीटिंगा बघा. मी वर्षभर मेस कमिटीवर होतो, त्यामुळे अनुभवाने सांगतो. मीटिंग सुरू झाली की पहिला बोलतो फायनल इयरचा कुणीतरी. "कंत्राटदार बदलला पाहिजे, काय?" यातला तो 'काय' प्रश्न नसतो, हुकूम असतो. मग थर्ड इयर म्हणतं "बरोबर". सेकंड इयर मान हलवतं. फर्स्ट इयरला तर चहा आणायला पाठवलेलं असतं. दहा मिनिटांत 'सर्वानुमते' निर्णय. खरी मीटिंग त्यानंतर जिन्यावर भरते. "मला खरं म्हणजे वाटत होतं की नवीन माणूस डिपॉझिट जास्त मागेल..." "अरे, मलाही!" "मग बोलला का नाहीस?" "तूच गप्प होतास, म्हटलं मलाच कळत नसेल." गटाकडे जी माहिती होती ती सगळी जिन्यावर आली, मीटिंगमध्ये आलीच नाही.

यात फर्स्ट इयरची पोरं भित्री आहेत असं समजू नका. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांवर प्रयोग केले. समोर एक रेघ, बाजूला तीन रेघा. समान लांबीची कोणती ते सांगायचं. आंधळ्यालाही दिसावं इतकं सोपं. फक्त खोलीतले बाकी सगळे आधी ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. तर सुमारे एक तृतीयांश वेळा बिचाऱ्या खऱ्या उमेदवाराने डोळ्यांना दिसणारं सोडून सगळ्यांचं चुकीचं उत्तर दिलं. पण याच प्रयोगातला दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. खोलीत एक जण जरी बरोबर उत्तर देणारा ठेवला, तर ह्या चुका जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर आल्या. एका सोबत्याने एवढा फरक! म्हणजे मीटिंगमध्ये पहिला 'मला नाही पटत' म्हणणारा माणूस फक्त स्वतःचं मत देत नसतो, चार जणांची तोंडं उघडून देत असतो.

रेघांचं ठीक आहे, पण धोक्याचं काय? इथे एका विद्यार्थ्याचं नाव घ्यायला हवं. जेम्स स्टोनर. १९६१ साली एमआयटीत मास्टर्सच्या थीसिससाठी त्याने लोकांना काही प्रसंग दिले. त्यातला एक तर आपल्यासाठीच लिहिल्यासारखा आहे. एक इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे, मोठ्या कंपनीत बेताच्या पगाराची पण पक्की नोकरी आहे. नवीन छोट्या कंपनीकडून जास्त पगाराची ऑफर आली आहे, पण ती कंपनी टिकेल की नाही माहीत नाही. टिकण्याची शक्यता दहात किती असेल तर त्याने उडी मारावी? आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर लिहिलं, मग गटात चर्चा करून एकमताने. सगळ्यांना वाटत होतं, गट म्हणजे सावधपणा येणार. झालं उलट. एकंदरीत गटाने जास्त धोका पत्करला. पुढच्या संशोधनात आणखी स्पष्ट झालं, की गट नेहमीच धाडसी होतो असंही नाही. तो मुळात ज्या बाजूला झुकलेला असतो त्या बाजूला चर्चेनंतर आणखी झुकतो. धाडसी पोरं एकत्र आली की जास्त धाडसी, घाबरट एकत्र आली की जास्त घाबरट. आता वीस जणांचा ट्रेकिंग ग्रुप मुळात कोणत्या बाजूला झुकलेला असतो, ते मी सांगायची गरज नाही.

हे सगळं एका रात्रीत एकत्र पाहायचं असेल तर २७ जानेवारी १९८६ची रात्र बघावी. 'चॅलेंजर' यान दुसऱ्या दिवशी सकाळी उडणार होतं. फ्लोरिडात त्या रात्री कडाक्याची थंडी. बूस्टर रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या इंजिनिअर्सना काळजी होती, की सांध्यातल्या रबरी ओ-रिंग थंडीत कडक होतील आणि गरम वायू अडवू शकणार नाहीत. त्यांनी फोनवरच्या बैठकीत सांगितलं, ५३ अंश फॅरेनहाइटच्या, म्हणजे साधारण १२ अंश सेल्सिअसच्या खाली उड्डाण नको. नासाच्या अधिकाऱ्यांना ते रुचलं नाही. कंपनीने पाच मिनिटं मागून घेतली, ती अर्ध्या तासावर गेली. रॉजर बॉइजोली आणि आर्नी थॉम्पसन हे इंजिनिअर टेबलावर फोटो आणि आकृत्या ठेवून समजावत राहिले. शेवटी निर्णय घेतला चार वरिष्ठ व्यवस्थापकांनी. त्यातल्या एकाला, जो इंजिनिअरिंगचा प्रमुख होता त्याला, इंजिनिअरची टोपी काढून व्यवस्थापकाची टोपी घालायला सांगण्यात आलं. त्याने घातली. बाकीच्या इंजिनिअर्सचं मत विचारलंच गेलं नाही. सकाळी उड्डाण झालं तेव्हा तापमान सुमारे २ अंश सेल्सिअस होतं. ७३ सेकंदांनी यान फुटलं, सात जण गेले.

आता इंजिनिअर्स शंभर टक्के बरोबर होते आणि व्यवस्थापक राक्षस होते, अशी ही गोष्ट नाही. इंजिनिअर्सकडचा पुरावाही अपुरा होता. जिथे ओ-रिंगला इजा झाली होती तीच उड्डाणं त्यांनी मांडली; जिथे काही झालं नव्हतं ती मांडलीच नाहीत. तीही मांडली असती तर थंडी आणि इजा यांचा संबंध ठळक दिसला असता. म्हणजे परिस्थिती खरोखरच अनिश्चित होती. चूक कुठे झाली? तर 'उडवायला सुरक्षित आहे हे दाखवा' याऐवजी 'असुरक्षित आहे हे सिद्ध करा' अशी मागणी झाली. नको म्हणणाऱ्यावर पुराव्याचं ओझं टाकलं गेलं. ओढ्याच्या काठावरही आपण अगदी हेच करतो. "काही होत नाही रे, कशावरून वाहून जाशील?"

अपघाताच्या चौकशीत रिचर्ड फाइनमन होते. त्यांनी नासातल्या तीन इंजिनिअर्सना आणि त्यांच्या एका साहेबाला सांगितलं, की इंजिनातल्या बिघाडामुळे उड्डाण फसण्याची शक्यता किती, ते न बोलता कागदावर लिहा. इंजिनिअर्सच्या चिठ्ठ्यांवर साधारण २०० ते ३००मध्ये एक असं आलं. साहेबांचा आकडा अखेर निघाला तो एक लाखात एक! एकाच संस्थेतली, एकाच इंजिनाबद्दल बोलणारी माणसं. इतकी वर्षं एकत्र मीटिंगा करून हा फरक बाहेर आला नव्हता, तो चार चिठ्ठ्यांनी बाहेर आला. २०११ साली शटल बंद झालं तोवर एकूण १३५ उड्डाणं झाली, त्यात दोन यानं गेली. कुणाचा आकडा वास्तवाच्या जवळ होता ते तुम्हीच ठरवा.

"म्हणजे गट वाईट, एकटा हुशार माणूस बरा!" असं कुणी म्हणेल. थांबा. २७ मार्च १९७७ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं मेली. टेक-ऑफ घेणाऱ्या विमानाचा कॅप्टन कंपनीतला सगळ्यांत नावाजलेला, इतर वैमानिकांना शिकवणारा. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली, की दुसरं विमान अजून धावपट्टीवरच तर नाही ना. त्याने विचारलंसुद्धा. कॅप्टनने ठामपणे ती शंका उडवून लावली आणि विषय संपला. पुढे जगभरच्या विमान कंपन्या कॅप्टनला ऐकायला आणि ज्युनिअरला ठासून बोलायला मुद्दाम शिकवू लागल्या. म्हणजे एकट्याने ठरवायलाही हरकत नाही, पण शेजारच्याच्या डोळ्यांना काय दिसतंय ते कानावर घेतल्याशिवाय नाही.

आणि तरीही निर्णयाखाली नाव एकाचंच का हवं? त्याला उत्तर आपल्या श्रीहरिकोटात आहे. १० ऑगस्ट १९७९ला एसएलव्ही-३चं पहिलं उड्डाण होतं. कॉम्प्युटरने उड्डाण रोखून धरलं. तज्ज्ञांनी पाहून सांगितलं, काळजी नको, जाऊ द्या. कलाम मिशनचे प्रमुख होते, त्यांनी कॉम्प्युटरला बाजूला ठेवून उड्डाणाचा निर्णय घेतला. दुसऱ्या टप्प्यात बिघाड झाला आणि रॉकेट बंगालच्या उपसागरात गेलं. पत्रकारांसमोर इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन गेले आणि त्यांनी अपयशाची जबाबदारी स्वतःकडे घेतली. अकरा महिन्यांनी, १८ जुलै १९८०ला, तेच रॉकेट यशस्वी झालं, तेव्हा त्यांनी पत्रकारांसमोर कलामांना पाठवलं. हे किस्से कलामांनीच ठिकठिकाणी सांगितले आहेत. मला त्यातला व्यवहार महत्त्वाचा वाटतो. सल्ला अनेकांचा होता, पण 'उडवा' कुणी म्हटलं आणि उत्तर कुणी द्यायचं हे स्पष्ट होतं. त्यामुळे एकमेकांकडे बोटं दाखवण्यात वेळ गेला नाही, बिघाड शोधण्यात गेला. 'सर्वानुमते' बुडालेल्या गोष्टीचा बिघाड कधीच सापडत नाही, कारण तो कुणाचाच नसतो.

मग आपण काय करायचं? माझ्या तीन सूचना आहेत, खर्च शून्य.

पहिली, आधी लिहा, मग बोला. आमच्या मेस कमिटीत सुट्टीच्या दिवसांचा स्वयंपाक किती जणांचा सांगायचा यावर दर वेळी गोंधळ व्हायचा. ज्याचा आवाज मोठा त्याचा आकडा. मग आम्ही चिठ्ठ्या सुरू केल्या. प्रत्येक मजल्याच्या प्रतिनिधीने आकडा लिहायचा, मधला आकडा धरायचा. नेमका बरोबर येतो असं नाही, पण मोठ्या आवाजापेक्षा बरा येतो.

दुसरी, मोठ्याने शेवटी बोलावं. ही सूचना सीनिअर्सना आहेच, पण सरांचा पूर्ण मान राखून स्टाफलाही आहे. प्रोजेक्टच्या पहिल्या मीटिंगमध्ये गाइडने आपलं मत सांगून टाकलं, की चौघा पोरांची डोकी तिथेच बंद होतात. सर, तुम्हाला जास्त कळतं हे आम्हाला मान्यच आहे. म्हणूनच तर तुम्ही आधी बोललात की आम्ही विचार करत नाही!

तिसरी सर्वांत महत्त्वाची. निर्णय परत फिरवता येतो की नाही ते आधी बघा. कंत्राटदार वाईट निघाला तर पुढच्या टर्मला बदलता येतो, तिथे बहुमत ठीक. मास बंक, प्रोजेक्ट, नोकरी यांची किंमत ज्याची त्याला मोजावी लागते. डिफॉल्टर लिस्टमध्ये 'सगळे' असं नाव लागत नाही, तुमचं लागतं. तिथे ऐकावे जनाचे, करावे मनाचे, आणि वेगळं ठरवणाऱ्याला 'फुटलास' म्हणू नये. पण फुगलेला ओढा परत फिरवता येत नाही. सह्याद्रीत आपल्या डोक्यावर ऊन असतं आणि वर माथ्यावर झालेल्या पावसाचं पाणी काही मिनिटांत खाली येतं. तिथे मतदान नकोच. निघतानाच एक लीडर नावानिशी ठरवा. आणि नियम ठेवा, की वीसपैकी एकाने जरी 'नको' म्हटलं तर मागे फिरायचं. कारण विचारायचं नाही, सिद्ध करायला लावायचं नाही, रात्री रूमवर चिडवायचंही नाही.

"अरे, मग एक घाबरट पोरगा सगळ्यांचा ट्रेक बुडवेल." हो, कधी कधी बुडवेल. वीस जणांचं एस.टी.चं भाडं आणि एक रविवार जाईल. दुसऱ्या पारड्यात काय आहे, ते ज्याचं त्याने मनाशी ठेवून बघावं.

पाचामुखी परमेश्वर असेलही. पण पाचही जण पहिल्याचंच वाक्य म्हणत असतील तर तो एकमुखीच झाला की! तेव्हा पुढच्या मीटिंगला खिशात एक पेन आणि कागदाचा चिटोरा घेऊन या. आणि जिन्यावर जे बोलणार आहात, ते आतच बोला.